कोरड्या खोलीत लावलेला दिवा

त्या वर्षी लॅपटॉप पेटल्याच्या बातम्या आमच्या डेस्कवर सारख्या येत होत्या. बातमीत कंपनी असे, परत मागवलेल्या बॅटऱ्या असत. बॅटरी मुळात पेटते कशाने, हे नसे. विचारल्यावर उत्तर साधं निघालं. लिथियमच्या बॅटरीत दोन टोकांच्या मधे एक द्रव भरलेला असतो. त्यातून लिथियम इकडून तिकडे जातं, म्हणून बॅटरी चार्ज होते आणि चालते. हा द्रव थिनरसारखा ज्वालाग्राही असतो. आत कुठे शॉर्ट झालं की पेट घेतो. त्याच्या जागी घन पदार्थ बसवायचा, पण असा की ज्यातून लिथियमला जाता येईल; मग पेटायला द्रवच उरत नाही. जगात काही प्रयोगशाळा या पदार्थाच्या मागे होत्या. त्यातली एक चेन्नईजवळ आहे असं कळलं आणि संपादकांनी मला पाठवलं. रविवारच्या पुरवणीसाठी एक आशादायक लेख आणायचा होता.

तो लेख झाला नाही. जे झालं ते क्रमाने लिहिते. संस्थेचं नाव देत नाही, आणि जिच्याबद्दल हे आहे तिच्या सांगण्यावरून तिचं नाव बदललं आहे.

चुकीची गाडी

संस्था शहराच्या उत्तरेला, गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत. उपनगरी गाड्या सेंट्रलला लागून असलेल्या मूर मार्केट कॉम्प्लेक्समधून सुटतात. फलाटावरचा दर्शक बंद होता. मी माणसांच्या मागोमाग चढले आणि पश्चिमेकडे, आवडी नावाच्या उपनगराला जाणाऱ्या गाडीत बसले.

चूक समोरच्या बाईंनी काढली. आवडीच्या एका सरकारी कारखान्यात त्या कारकून होत्या. मी स्टेशनांची नावं मोजते आहे हे पाहून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "कुठे जायचं?"

"गुम्मिडिपूंडी."

"या गाडीने? मग पृथ्वीला वळसा घालून जाल." डब्यातल्या दोघी हसल्या. "परवाइल्लै, काही बिघडलं नाही. पेरांबूरला उतरा, उलट बेसिन ब्रिजला या, तिथे तुमची गाडी मिळेल." मग माझ्या डोक्याकडे पाहून म्हणाल्या, "नवरात्रात केस असे रिकामे?" पिशवीतून मोगऱ्याचा गजरा काढून त्यांनी वीतभर तोडला, आपल्याच केसांतला आकडा काढून माझ्या वेणीला लावला आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागल्या. आपल्याकडे अनोळखी बाईच्या केसांना हात लावण्याआधी चार वाक्यं तरी बोलावी लागतात.

संस्थेत पोचायला दुपार झाली. संचालक साठीच्या आतले, पांढराशुभ्र शर्ट, खिशाला पेन. त्यांनी फिल्टर कॉफी मागवली आणि आधी फोटोंचा अल्बम दाखवला. कोण कोण पाहुणे येऊन गेले ते पानापानाला होतं. घन इलेक्ट्रोलाइटबद्दल, म्हणजे द्रवाच्या जागी बसवायच्या त्या पदार्थाबद्दल, विचारल्यावर म्हणाले, "ते वत्सला दाखवेल. व्हेरी हार्डवर्किंग गर्ल."

डॉ. वत्सला राव तिशी ओलांडलेल्या, सडपातळ, भरभर चालणाऱ्या. मी पुण्याची म्हटल्यावर थांबल्या आणि मराठीत बोलू लागल्या.

"आम्ही तंजावरकडचे. घरांत हेंच बोलतों. तुम्हीं हंसाल आमच्या मराठीस."

मी हसले नाही. पण त्यांचा सूर तमिळ होता आणि शब्द माझ्या पणजोबांच्या काळचे, त्यामुळे पहिली काही मिनिटं मी अर्थापेक्षा आवाजच ऐकत राहिले.

दोघांनीच आत

या किनाऱ्यावर मीठ बरणीत ओलं होतं आणि पापड तळायला घेईपर्यंत मऊ पडतो. वत्सलाचा पदार्थ नेमका पाण्याचा वैरी. लिथियम सल्फाइड आणि फॉस्फरस सल्फाइड या दोन भुकट्या बंद भांड्यात टणक गोळ्यांनी तासन्‌तास कुटायच्या, की त्यांची काच होते. दिसायला पिवळसर पीठ. ते भाजावं लागत नाही. नुसतं जोरात दाबलं की वडी बनते आणि वडीतून लिथियम जवळजवळ द्रवाइतक्याच सहज जातं. मात्र हवेतली वाफ लागली की पदार्थ मोडतो आणि त्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सुटतो. थोडा असेल तर नुसता वास, जास्त असेल तर विष.

म्हणून ड्राय रूम. शहरातल्या कुठल्याही खोलीपेक्षा, राजस्थानातल्या उन्हाळ्यापेक्षाही कोरडी ठेवलेली एक खोली. बाहेर यंत्र सतत हवा सुकवून आत ढकलतं. आत शिरण्याआधी एक लहान मधली खोली आहे, तिथे अंगभर पांढरा झगा, टोपी, मास्क.

"फुलं काढा," वत्सला म्हणाली. तोवर मी एकेरीवर आले होते; तिचं 'तुम्ही' सुटलं नाही. "त्यांत पाणी आहे. आणि आंत दोघांहून जास्त जायचं नाहीं. माणूस म्हणजे चालती पाण्याची पिशवी, श्वासाश्वासाला वाफ सोडतो. तिसरा आला तर यंत्रास झेपत नाहीं."

आत माझे ओठ दहा मिनिटांत ताणले गेले. टेबलावर हाताने चालवायचा प्रेस होता आणि त्याच्या शेजारी तीन सेल: पोलादी चकत्यांच्या मधे दाबून स्क्रूने आवळलेले, बाजूंनी उघडेच, वायरी मोजणी यंत्राला जोडलेल्या. आतली वडी आम्लपित्ताच्या गोळीएवढी. गेल्या वर्षभरात अनेक सेल फुटले, शॉर्ट झाले. हे तीन चार्ज होत होते, रिकामे होत होते आणि पुन्हा चार्ज होत होते.

पुढच्या मंगळवारी बाहेरची परीक्षण समिती येणार होती. समितीच्या डोळ्यांदेखत हे सेल चालले तर प्रकल्पाला पुढची तीन वर्षं मिळणार. नाही चालले तर प्रकल्प बंद, आणि प्रकल्पावरची वत्सलाची तात्पुरती जागाही. परदेशातून आलेल्या लिथियम सल्फाइडची बाटली या तीन सेलमध्ये संपली होती. नवीन यायला अर्धं वर्ष लागतं.

"म्हणजे हे तीनच?"

"हे तीनच. वरून शिंकूं नका."

गोळ्यांचं सांबार

संध्याकाळी वत्सला मला तिरुवोट्रियूरला आपल्या घरी घेऊन गेली. दोन खोल्या, पैकी एकीत पायऱ्यांवर बाहुल्या मांडलेल्या. नवरात्रात इथे घरोघर अशी मांडणी होते आणि बायका एकमेकींच्या बाहुल्या बघायला जातात. वत्सलाच्या आईंच्या मांडणीत राम-सीता, भाजीवाली आणि क्रिकेटची अख्खी टीम एकाच पायरीवर होती.

"बैसा, बैसा. पुण्याची लेक आली." मग जेवायला वाढलं. डाळीच्या गोळ्यांचं सांबार, डांगर पचडी, वांगीभात. डांगर पचडी म्हणजे आपलं उडदाच्या पिठाचं डांगरच, दह्यात सैल केलेलं, फक्त वरून मोहरीच्या फोडणीत कढीपत्ता. इतक्या दूर डांगर भेटेल असं वाटलं नव्हतं.

"तुमच्याकडे सांबारांत काय घालतात?" आईंनी विचारलं.

"आमच्याकडे सांबार हॉटेलात असतं."

"अय्यो," आई वत्सलाला म्हणाल्या, "आमच्या तंजावरच्या मराठी राजांचंच सांबार, आणि ह्यांस हॉटेलांत जावं लागतं."

जेवण उरकल्यावर त्यांनी खरा प्रश्न काढला. शहराच्या दक्षिणेला सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने वत्सलाला नोकरी देऊ केली होती. परदेशातल्या बँकांचे प्रोग्रॅम तपासायचे. कायम नोकरी. कंपनीने समिती येऊन जाईपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं, पुढे नाही.

"हिला मी सांगटलं, जा म्हणून," आई म्हणाल्या. "हिच्या बापाची पेन्शन मला पुरते. पण हिचं वय पाहा. आज तात्पुरती, उद्यां तात्पुरती. ही म्हणते, मंगळवार होऊं दे."

"मंगळवार होऊं दे, अम्मा."

"कोणता मंगळवार, हे सांगत नाहीं कधीं," आई मला म्हणाल्या आणि भात वाढला.

वत्सला हसली. पण स्टेशनवर सोडायला आली तेव्हा म्हणाली, "बँकेचे प्रोग्रॅम तपासायला पुष्कळ लोक आहेत. ही वडी दाबायला आमच्या इथे दुसरं कोणी नाहीं. मी गेलें तर कोण करील, हें मला सांगा."

पूजा

आयुधपूजा रविवारी होती, त्यामुळे कचेऱ्यांत ती शुक्रवारीच उरकली जात होती. आपल्या खंडेनवमीसारखाच दिवस. आमच्या छापखान्यातही यंत्राला हार पडतो. पण आधी यंत्र थांबवतात, आणि हार कुठे घालायचा ते मशीनमन ठरवतो. शाईच्या रुळाला हळदकुंकू लावायला तो मालकालाही देत नाही.

इथे शुक्रवारी सकाळी फाटकाला केळीचे खांब बांधले होते. मुरुगेशन नावाचे तंत्रज्ञ चंदन आणि कुंकवाच्या वाट्या घेऊन फिरत होते. पंख्यांना टिळा, भट्ट्यांना टिळा, जीपच्या बॉनेटला टिळा. ड्राय रूमपाशी आले तेव्हा त्यांनी बाहेरच्या दारालाच तीन बोटं ओढली.

"आतल्या प्रेसला नाही?" मी विचारलं.

"मॅडमनी सांगितलंय, बाहेरच. सरस्वतीला दार उघडता येतं."

म्हणजे पूजा आणि प्रयोग यांच्यात काही भांडण नव्हतं. ते मिटलेलं होतं, दोन समजूतदार माणसांत, एका वाक्यात.

भांडण आलं ते पाहुण्यांबरोबर. संचालकांच्या लक्षात आलं होतं की ड्राय रूम दीड वर्ष चालू असली तरी तिचं रीतसर उद्घाटन झालेलं नाही. एक निवृत्त बडे अधिकारी पूजेला पाहुणे म्हणून येणारच होते. त्यांच्याच हस्ते ते उरकायचं ठरलं. आदल्या दिवशी वत्सला संचालकांच्या खोलीत गेली तेव्हा मी तिथे बसले होते. ती म्हणाली, फीत मधल्या खोलीबाहेर कापू द्या, भिंतीला काच आहे, काचेतून सगळं दिसतं. निदान सेल पेटीत बंद करून ठेवते.

"पेटीत ठेवले तर पाहुणे काय बघणार?" संचालक म्हणाले. "टेबलावरच राहू दे, वर छोटा दिवा लाव. सेलवर चालणारा."

"मग आत दोघंच, सार. तुम्ही आणि ते."

"दोघंच, मा," लेकीला समजवावं तसं ते म्हणाले. "दोघंच."

पाहुणे तास उशिरा आले. त्यांच्याबरोबर त्यांचे मेहुणे, दोन उद्योजक, संस्थेचे आठ-दहा जण, दोन फोटोग्राफर. फीत कापली गेली. मधल्या खोलीत झग्यांचा ढीग होता. एकानेही उचलला नाही. फोटोग्राफरच्या सोयीसाठी आतलं दार उघडं ठेवायचं होतं, तर पाण्याचा जार ओढून दाराला लावला. मग समई आत आणली. तेल घातलेली, पाच वातींची, फुलांनी मढवलेली.

"सार, समई बाहेर," वत्सला म्हणाली.

"बाहेर लावून कसं चालेल? उद्घाटन खोलीचं आहे."

मी काचेच्या बाहेरून आतली माणसं मोजायचा प्रयत्न केला आणि पंधराच्या पुढे सोडून दिला. गळ्यांत हार, कपाळावर घाम, हातांत नारळाची शहाळी. समई लागली. टाळ्या वाजल्या. पाहुण्यांनी प्रेसवर चंदनाचा हात फिरवला. भाषण दाराच्या उंबऱ्यावर झालं. विषय होता, वेद आणि ऊर्जा.

भाषण चालू असतानाच वास आला.

आधी लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग पाहुण्यांच्या मेहुण्यांनी रुमाल नाकाला लावला. कोणीतरी हळूच म्हणालं, कँटीनमध्ये आज अंडं केलंय का. कँटीनवाल्याला हाक गेली. तो शपथेवर सांगू लागला की नवरात्रात तो अंड्याला शिवतही नाही. संचालकांनी गटार तुंबल्याचं ठरवलं. वसाहतीच्या सफाई विभागाला फोन झाला. एक नवरा-बायको आले, बाहेरच्या गटाराची झाकणं उघडून काठ्या घालू लागले, आणि गटार वाहतं आहे असं त्यांनी सांगितल्यावर त्यांनाच नीट बघा म्हणून पुन्हा आत वाकायला लावलं.

"सार, वास सेलचा आहे," वत्सला मोठ्याने म्हणाली. "सगळ्यांनी बाहेर या. हा गॅस चांगला नाही."

"अप्परम, मा. नंतर."

ती गर्दीतून वाट काढत टेबलाशी गेली, तिन्ही सेल उचलले, शेजारच्या बंद पेटीत घातले. तेवढ्यात प्रसाद आला. द्रोणांत सुंडल, म्हणजे फोडणीचे उकडलेले हरभरे, आणि चुरमुरे. लोक प्रसादाच्या मागे बाहेर गेले आणि खोली रिकामी झाली. समई आत जळतच होती. ती मुरुगेशननी विझवली.

मी सुंडल घेतलं नाही. बाहेर गटारापाशी बसलेल्या त्या दोघांपर्यंत ते पोचलंही नाही.

मंगळवार

शनिवारी आणि रविवारी, सुट्टी असूनही, वत्सला संस्थेत होती. खोली पुन्हा सुकवली, प्रेसच्या खाचांतून चंदन काडीने काढलं. रविवारी संध्याकाळी तिला फोन केला. एक सेल मेला होता. दुसऱ्याच्या आतला अडथळा इतका वाढला होता की त्यातून काही जात नव्हतं. तिसरा थोडा चार्ज घेत होता. समिती पुढे ढकला, अशी विनंती तिने संचालकांना केली होती. समितीपुढे संस्थेचे आणखी तीन प्रकल्प होते आणि दुपारच्या जेवणाची व्यवस्था झालेली होती. त्यांनी नकार दिला.

समितीच्या बैठकीत मला प्रवेश नव्हता. आत काय झालं ते मला दोघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं, वत्सलाने आणि समितीतल्या एका प्राध्यापकांनी, आणि दोन्ही हकिगती जुळतात. तिसरा सेल एकदा चार्ज झाला आणि दुसऱ्यांदा झाला नाही. वत्सलाने शुक्रवारी काय घडलं ते सांगायला सुरुवात केली. अध्यक्ष म्हणाले, पूजा आमच्याकडेही होते, पूजेने काही बिघडत नाही. तिने सांगितलं की पूजा बाहेर झाली होती, आत उद्घाटन झालं. अध्यक्षांना त्यातला फरक कळला नाही. मग संचालकांनी समारोप केला: हा पदार्थ मुळातच ओलाव्याला नाजूक आहे, भारतीय परिस्थितीला योग्य नाही.

हे वाक्य मी पुन्हा लिहिते, कारण पुढच्या कुठल्याही अहवालात हेच राहणार आहे. पदार्थ भारतीय परिस्थितीला योग्य नाही. यातलं ओलाव्याचं खरं आहे. वत्सलाने ते पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, आणि त्यासाठीच ती खोली होती. ज्याला इथे परिस्थिती म्हटलं आहे ती समुद्राची हवा नव्हती. ती दाराला लावलेला पाण्याचा जार होती, पाच वाती होती, एका निवृत्त माणसाचा तळहात होती. त्या परिस्थितीला नाव होतं आणि पद होतं, आणि ती समितीच्या टेबलाच्या टोकाला बसून समारोप करत होती.

बैठक सुटल्यावर मी संचालकांना गाठलं आणि विचारलं, दोघांहून जास्त माणसं आत जायची नाहीत हे तुम्हाला माहीत होतं का.

"मॅडम, प्रत्येक लॅबमध्ये पूजा होते. तुम्ही पूजेविरुद्ध लिहिणार आहात का?"

"माणसांच्या संख्येबद्दल विचारते आहे."

"मोठा माणूस आला तर त्याला दारात उभं करणार?" त्यांचा स्वर दुखावलेला होता, आणि खराच दुखावलेला होता. "हे आपलं कल्चर नाही."

त्यांनी मला एक सीडी दिली. उद्घाटनाचे फोटो, छापायला सोयीचे, मोठ्या आकारात.

वत्सला खाली प्रयोगशाळेत होती. तिने सिरुसेरीच्या कंपनीला फोन करून सोमवारपासून येते असं कळवलं होतं. मला म्हणाली, "अम्मास अजून सांगितलं नाहीं. ती खूश होईल, आणि मला तें आत्तां बघवणार नाहीं."

तिच्यापुढे एक काम होतं, जे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मेलेले सेल असेच कचऱ्यात टाकले तर ओलावा खाऊन वास सोडत राहतील, आणि कचरा उचलणाऱ्यांना तो हुंगावा लागेल. म्हणून तिने धूर ओढणाऱ्या कपाटात, तो वायू शोषून घेणाऱ्या क्षाराच्या पाण्याचं भांडं ठेवलं, हातमोजे घातले आणि पहिल्या सेलचे स्क्रू सोडवले. वडी पाण्यात गेली, बुडबुडे आले, पाणी गढूळ झालं. ते थांबेपर्यंत ती थांबली. मग दुसरी.

तिसऱ्या सेलचे स्क्रू सोडवत असताना संचालक आत आले.

"एक ठेव, मा. खालच्या शोकेससाठी. काचेत बंद करून ठेवू."

"लेबलवर काय लिहाल, सार?"

"घन बॅटरी. संपूर्ण देशी बनावट." त्यांनी क्षणभर विचार केला. "आपल्या संस्थेत तयार झालेली."

वत्सलाने स्क्रू काढला, चिमट्याने वडी उचलली आणि भांड्यात सोडली. आम्ही तिघं बुडबुडे बघत उभे राहिलो. ते संपल्यावर तिने हातमोजे उतरवले आणि हात धुवायला बेसिनकडे गेली.

संचालक माझ्याकडे वळले. "फोटो मिळाले ना, मॅडम?"

मिळाले होते. मी ते परतीच्या प्रवासात लॅपटॉपवर एकेक करून पाहिले. एकाही फोटोत वत्सला नाही.